उच्चार पडताळणी (शस्त्रे व तत्सम)

बंदूक ही मुळात अत्यंत निरुपद्रवी वस्तू आहे. ती कपाटाच्या कोपऱ्यात उभी असते, कुणाच्या अध्यात नसते, मध्यात नसते. समाजाला खरा धोका असतो तो तिचं नाव चुकीचं उच्चारणाऱ्या माणसापासून. हे सत्य जगातल्या बहुतेक सरकारांना अजून उमगलेलं नाही. या गोष्टीतल्या सरकारला ते एका मेजवानीत उमगलं.

झालं असं, की एका परदेशी शस्त्र कंपनीच्या पाहुण्यांचं स्वागत करताना मंत्रिमहोदयांनी कंपनीचं नाव अशा काही थाटात घेतलं की पाहुण्यांना वाटलं, स्वागत आपल्या प्रतिस्पर्धी कंपनीचं चाललंय. दोघे उठून निघालेसुद्धा. त्यांना दारातून परत आणावं लागलं. (सौदा बचावला, कारण तो आदल्याच आठवड्यात झालेला होता. स्वागत नंतरचं.) पण अब्रू जायची ती गेली. लगेच समिती नेमण्यात आली. समितीने चार देशांतल्या कारखान्यांना भेटी दिल्या, सगळ्या उन्हाळ्यात, आणि सगळ्या थंड हवेच्या देशांत. अहवाल तीन खंडांत आला. पहिल्या खंडात प्रस्तावना, दुसऱ्यात आभार आणि तिसऱ्यात समितीची छायाचित्रं. शिफारस मलपृष्ठावर होती: ज्या नागरिकाला शस्त्राचं नाव नीट घेता येत नाही, त्याला ते शस्त्र बाळगण्याचा परवाना देण्यात येऊ नये.

यातला विचार वरवर पाहणाऱ्याला कळणार नाही. पण असं बघा, माणूस नावाशी प्रामाणिक नसेल तर तो शस्त्राशी काय प्रामाणिक राहणार?

तेव्हापासून परवाना इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीच्या बरोबर खाली एक खोली आहे. दारावर पाटी आहे: 'उच्चार पडताळणी अधिकारी (शस्त्रे व तत्सम)'. ('तत्सम' म्हणजे काय हे कुणालाच माहीत नाही, पण एकदा एक माणूस कुकर घेऊन आला होता.) आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर जुने गालिचे ठोकलेले आहेत. टेबलावर एक आरसा, अर्जदाराला स्वतःची जीभ कुठे चालली आहे ते दिसावं म्हणून. आणि आरशावर सूचना: 'जर्मन नावे घेताना थुंकी आवरावी.'

या खोलीत बसणाऱ्या अधिकाऱ्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तर पूर्वी एका महाविद्यालयात परकीय भाषा शिकवायचे. विद्यार्थी शिकून परदेशी गेले, ते तिकडेच राहिले, आणि शिकवायला कुणी न उरल्याने विभाग बंद झाला. (इतकं यश फार कमी विभागांच्या वाट्याला येतं.) त्यानंतर मास्तर इथे आले आणि या खोलीला चारित्र्य आलं. त्यांनी उभ्या आयुष्यात चुकीच्या उच्चाराला बरोबर म्हटलं नव्हतं, की बरोबरला चूक. एका ठेकेदाराने एकदा फळांची करंडी पाठवली, सोबत फोनवर म्हणाला, "तेवढं बेरेटाचं बघा." मास्तरांनी करंडी परत पाठवली. लाच म्हणून नव्हे. "बेरेत्ता," ते शिपायाला म्हणाले, "दोन त आहेत, आणि दोन्ही दातांवर. ज्याला दोन त झेपत नाहीत त्याची सफरचंदं आपण खायची?"

त्यांची शिकवण्याची हातोटीही वेगळी. माउझरमधला झ कुठला? झाडातला, झेंड्यातला नव्हे. श्टायरमध्ये श आणि ट यांच्यामध्ये स्वर घालू नये. घालणाऱ्याला वाटतं आपण मदत करतोय. वाल्टरमध्ये लिहिताना एक जादा अक्षर असतं, ते जर्मन लोक केवळ शोभेला ठेवतात, आपण त्याला हात लावू नये. अशा गोष्टी सांगताना मास्तरांचा चेहरा उजळायचा. मग अर्जदार म्हणायचा, "मौसर," आणि मास्तर 'नापास' लिहायचे.

आता कुणी म्हणेल की परवान्याला काय फक्त उच्चारच लागतो? छे. आणखी तीन पायऱ्या आहेत आणि तिन्ही कडक आहेत. पहिली वैद्यकीय तपासणी: डॉक्टर अर्जदाराचा फोटो नीट बघतात आणि तो मनाने निरोगी असल्याचं लिहून देतात. दुसरी चारित्र्याची: दाखला अशा माणसाकडून आणावा लागतो जो अर्जदाराला ओळखत नाही, कारण ओळखणारा माणूस निःपक्षपाती कसा असेल? तिसरी शेजाऱ्यांची हरकत: हरकत असल्यास शेजाऱ्याने ती अर्जदारासमक्ष, अर्जदाराच्या घरी येऊन नोंदवायची असते. आजवर एकही हरकत आलेली नाही. यावरून शेजारधर्म अजून टिकून आहे हे सिद्ध होतं.

या तीन पायऱ्यांवर आजपर्यंत कुणीही अडलेलं नाही. जे अडले ते सगळे मास्तरांच्या खोलीत. गावाबाहेर एकट्या राहणाऱ्या एक आजी दाताच्या कवळीमुळे श्टायरवर अडल्या. मास्तरांना वाईट वाटलं, पण कवळीला सवलत नव्हती. उलट, दोन माणसांचे हात मोडल्याबद्दल शिक्षा भोगून आलेल्या एका गृहस्थांनी 'फाब्रीक नास्योनाल' हे नाव असं काही घेतलं की शिपायाने दाराबाहेर टाळ्या वाजवल्या. विभागाच्या वार्षिक अहवालानुसार परवानाधारकांनी केलेल्या गुन्ह्यांपैकी शंभर टक्के गुन्हे शुद्ध उच्चाराच्या लोकांनी केलेले आहेत. शेजारच्या एकाही देशाला हा आकडा गाठता आलेला नाही.

तर अशा या निष्कलंक कारकिर्दीत मास्तरांच्या टेबलावर एक दिवस त्यांच्या मेहुण्याचा अर्ज आला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. हा मास्तरांच्याच घराच्या खालच्या मजल्यावर राहायचा. फरशा विकायचा, आणि गिऱ्हाइकाने जास्त घासाघीस केली तर फरशी फोडून दाखवायचा. वॉशिंग मशीनने एकदा सदऱ्याचं बटण तोडलं म्हणून त्याने मशीन जिन्यावरून ढकलून दिलं होतं. (मशीन खाली पोचल्यावर आणखी एक लाथ.) मनाने मात्र चांगला, असं त्याची बहीण म्हणायची. बहिणींना असं म्हणावंच लागतं.

मेहुण्याचं आणि मास्तरांचं वैर जुनं होतं आणि त्याचं मूळ गॅलरीत होतं. मास्तरांना झाडांचा नाद. ते सकाळी कुंड्यांना पाणी घालत. ते पाणी कुंड्यांतून झिरपून खाली मेहुण्याच्या ओट्यावर पडे, जिथे तो खुर्ची टाकून चहा पीत बसलेला असे. कधी चहात पडे, कधी टकलावर.

"भाऊजी!" खालून हाक यायची. "आज पण अभिषेक झाला बरं का!"

"अरे, जरा सरकून बस की."

"माझ्या ओट्यावर मी का सरकू? एक दिवस गोळी घालीन तुम्हाला. ताईकडे बघून पायावर घालीन, पण घालीन!"

बायको म्हणायची, "अहो, कुंड्यांखाली बशा ठेवा ना. एवढं काय त्यात?"

"बशीत पाणी साचतं," मास्तर म्हणायचे. "मुळं कुजतात."

गोळीची भाषा इतकी वर्षं रोजची होती, त्यामुळे तिच्याकडे कुणी लक्ष देत नव्हतं. आता अर्जात 'शस्त्राची आवश्यकता' या रकान्यासमोर मेहुण्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'वरच्या मजल्याकडून होणारा त्रास.' डॉक्टरांनी फोटो बघितला होता. एका अनोळखी माणसाने चारित्र्य उत्तम असल्याचं कळवलं होतं. शेजाऱ्यांची हरकत नव्हती. वरच्या मजल्यावरचा शेजारी म्हणजे खुद्द मास्तर, आणि हरकत नोंदवायला खाली जायची त्यांची छाती झाली नव्हती.

म्हणजे मेहुणा आणि बंदूक यांच्यामध्ये आता एकच गोष्ट उभी होती, आणि ती मास्तर होते. मास्तर आणि गोळी यांच्यामध्येही तेच उभे होते.

मास्तर तडक मोठ्या साहेबांकडे गेले. "साहेब, अर्जदार माझा मेहुणा आहे. नियमाप्रमाणे नातेवाइकाची पडताळणी मला करता येत नाही."

मोठ्या साहेबांनी नियमांचं पुस्तक न उघडता नियम सांगितला. "नातेवाईक म्हणजे ज्याच्या मृत्यूने तुम्हाला लाभ होतो तो. मेहुण्याच्या मृत्यूने तुम्हाला काय मिळणार?"

"काही नाही. पण माझ्या मृत्यूने त्याला..."

"ते उलटं झालं. उलट्याचा नियम नाही." साहेबांनी चष्मा पुसला. "आणि उच्चार तपासणारं दुसरं आहे कोण इथे? मी? मला अजून आपल्या जेवणाचं कंत्राट घेतलेल्या कंपनीचं नाव येत नाही. तुमच्यावर विश्वास आहे मास्तर. न्याय करा."

घरी बायकोने हे सगळं ऐकून घेतलं आणि हसली. "मग चिंता कसली? नापास करा आणि मोकळे व्हा. तुमच्या हातात आहे."

"आणि बरोबर म्हणाला तर?"

"कोण, हा? अहो, हा फ्रीजला अजून फिरीज म्हणतो. आमच्या बाबांनी त्याला 'क्षमस्व' शिकवायला एक अख्खी सुट्टी घालवली. शेवटी बाबांनीच क्षमा मागितली."

मास्तरांना हायसं वाटलं. शस्त्राची निवड करण्याचा अधिकार अधिकाऱ्याला असतो. त्यांनी सगळ्या यादीतलं सर्वांत दुष्ट नाव काढलं आणि मेहुण्याला कार्यालयामार्फत रीतसर कळवलं: 'आपल्या पडताळणीसाठी निश्चित केलेले नाव: चेस्का झ्ब्रोयोफ्का.' (पत्रात हे चेक नाव रोमन लिपीत होतं, तिथे य हा ज दिसतो आणि फ हा व.) सुरुवातीलाच तीन व्यंजनं, एकमेकांच्या खांद्यावर चढून बसलेली. त्या नावापुढे आजवर एक मंत्री, दोन वकील आणि शाळेचे एक मुख्याध्यापक आडवे झाले होते. मास्तर त्या रात्री गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून आवाज आला.

"झबरोजोवका."

मास्तरांच्या हातातली झारी थांबली. "झबरोजोवका," खालचा आवाज पुन्हा म्हणाला. मग भिंतीवर काहीतरी आपटलं. मग पुन्हा, "झबरोजोवका."

पहिले काही दिवस मास्तरांना हे ऐकायला गोड वाटलं. मग त्रास होऊ लागला. भीतीचा नव्हे. ज्या माणसाने हयातभर उच्चार दुरुस्त केले त्याच्या पायाखालच्या जमिनीतून रोज सकाळी तीच ती चूक वर येत होती, आणि तिला कुणी काही बोलत नव्हतं. मास्तर कानात कापूस घालून दाढी करू लागले. मेहुणा मात्र हटत नव्हता. आयुष्यात त्याने कुठलीही गोष्ट तडीस नेली नव्हती. चित्रपटसुद्धा तो मध्यंतरात सोडायचा. पण माणसाला मनापासून ध्येय सापडलं की तो बदलतो, हे शिक्षणतज्ज्ञ सांगतात ते खरंच आहे.

एका सकाळी मेहुणा इतक्या जवळ आला की मास्तरांना राहवेना.

"झ्ब्रोयोव्का," तो म्हणाला.

मास्तर गॅलरीतून कमरेइतके खाली वाकले. "अरे, व नाही, फ! पुढे क आहे ना! क आला की व कोमेजतो, त्याचा फ होतो!"

खालून दोन डोळे वर बघत राहिले. "म्हणजे... योफ्का?"

"हां! आणि झ कुठला? झाडातला!" त्यांनी हाताशी आलेलं झाड हलवून दाखवलं. चार थेंब मेहुण्याच्या कॉलरवर पडले. मेहुण्याने ते पुसले नाहीत. तो शिकत होता.

"अहो!" मागून बायको किंचाळली. "काय करताय काय तुम्ही? कुणाला शिकवताय?"

"पण तो चुकत होता गं," मास्तर म्हणाले.

त्यानंतर जे घडलं ते शिक्षणाच्या इतिहासात आदराने नोंदवलं जाईल. रोज सकाळी वरून पाणी आणि व्याकरण, दोन्ही खाली उतरू लागलं. मास्तर वरून जिभेची जागा सांगायचे, मेहुणा खालून तोंड उघडून दाखवायचा. इतकी वर्षं एकमेकांना धड नमस्कार न केलेले मेहुणे-भाऊजी आता घरच्या घरी गुरुशिष्य झाले. "आज घशातून येतंय, ओठांवर आण." "आणतो भाऊजी." मेहुणा एकदाही ओरडला नाही, त्याने काही फोडलं नाही. बायकोला वाटलं, बंदुकीच्या निमित्ताने का होईना, भाऊ माणसात आला. मास्तरांनाही तसं वाटू लागलं होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी धडा संपला. मेहुण्याने कॉलर झटकली, खुर्ची आत घेतली आणि समाधानाने म्हणाला, "आता एकदा परवाना हातात पडू दे, भाऊजी. मग बघतो तुमच्याकडे."

मास्तर घरात आले. बायको दारातच उभी होती. "उद्या तो काहीही म्हणू दे," ती म्हणाली, "तुम्ही नापास लिहायचं. शपथ आहे माझी." मास्तरांनी मान हलवली. त्यांच्या पिढीतले नवरे मान हलवतात तशी.

परीक्षेला मेहुणा इस्त्रीचा सदरा घालून आला. केसांना, म्हणजे होते तेवढ्यांना, तेल लावलेलं. आरशासमोर बसला. शिपाई पाण्याचा ग्लास ठेवून दाराशीच रेंगाळला. टाकीतून पाणी उतरल्याचा आवाज आला आणि थांबला.

"अर्जदाराने शस्त्राचं नाव घ्यावं," मास्तर म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण जरा लांबून आल्यासारखा.

मेहुण्याने डोळे मिटले. श्वास घेतला.

"चेस्का झ्ब्रोयोफ्का."

गालिचे ठोकलेल्या त्या खोलीत ते नाव असं उभं राहिलं जसं ते आपल्या जन्मगावीच उभं असावं. तिन्ही व्यंजनं एकमेकांना न ढकलता पुढे आली. 'चेस्का'मधला शेवटचा स्वर जितका लांबायचा तितकाच लांबला. आणि फ... तो कोमेजलेला व... मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत मंत्री झाले, वकील झाले, मुख्याध्यापक झाले, एकाच्याही तोंडून हे नाव असं निघालं नव्हतं. आणि ते निघालं कुणाच्या तोंडून, तर फिरीज म्हणणाऱ्याच्या. त्यांच्या विद्यार्थ्याच्या.

त्यांनी लेखणी उचलली. बायकोची शपथ आठवली, स्वतःचा पाय आठवला (दोन्ही आठवले, कोणता ते मेहुण्याने कधी सांगितलं नव्हतं). मग त्यांनी दहापैकी दहा गुण दिले आणि शेऱ्यात लिहिलं: 'अनुकरणीय.'

"कसं होतं भाऊजी?" मेहुण्याने हळूच विचारलं.

"पुन्हा एकदा म्हण," मास्तर म्हणाले.

घरी बायकोने ताट समोर आदळलं. "दिलात? दिलात ना परवाना?"

"बरोबर होतं गं."

"आणि उद्या त्याने घातली गोळी म्हणजे?"

मास्तरांनी घास हातातच धरून थोडा विचार केला. "नापास करायला कारण लागतं," ते म्हणाले. "त्याच्याकडे एकही चूक नव्हती."

यावर बायको जे बोलली ते तिच्या माहेरच्या भाषेत होतं, आणि उच्चार अतिशय स्पष्ट होते.

परवाना वेळेवर आला. मेहुणा तो घेऊन शहरातल्या शस्त्रांच्या एकमेव दुकानात गेला, काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि म्हणाला, "चेस्का झ्ब्रोयोफ्का." दुकानदाराने चष्म्याच्या वरून बघितलं आणि सांगितलं की नागरिकांसाठी परदेशी बंदुकांची आयात बंद आहे, ती मेजवानीच्याही आधीपासून बंद आहे. दुकानात सरकारी कारखान्याची एकच बंदूक मिळते. तिला नाव नाही, नंबर आहे. लोक "ती द्या" म्हणतात. मेहुण्याने ती घेतली.

आता तो सकाळी ओट्यावर खुर्ची टाकून चहा पितो आणि मांडीवर ती घेऊन फडक्याने पुसत बसतो. नळी वरच्या बाजूला असते. पुसताना तशीच धरायची असते, असं तो म्हणतो, आणि यावर कुणाला हरकत घ्यायची असेल तर ती खाली जाऊन घ्यावी लागते.

हा मजकूर वाचताना ज्या वाचकांनी 'झ्ब्रोयोफ्का' हे नाव एकदा तरी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं, त्यांची प्राथमिक पडताळणी पूर्ण झाली असं समजण्यात येईल. त्यांना वैद्यकीय तपासणीसाठी फक्त फोटो पाठवायचा आहे. ज्यांनी ते म्हणून न पाहता, या माणसाला बंदूक दिलीच कशी असा प्रश्न विचारला, त्यांची संख्या विभागाकडे नोंदवण्याइतकी भरली नाही.

मास्तरांच्या गॅलरीतल्या सगळ्या कुंड्यांखाली आता बशा आहेत. मुळं कुजलेली नाहीत.